चांदीचं मलम आणि बिबट्या

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसलाच, तर माझी आजवरची मेहनत फुकट गेली म्हणायची. कामतघरच्या कौसल्याबाईच्या चहाच्या टपरीवर मी आजवर जे जे सांगितलं, त्यातल्या एका शब्दावर कुणी विश्वास ठेवलेला नाही. तरी ऐकायला सगळे यायचे. शिफ्ट सुटली की लूमवाले केसांतला कापूस झटकत बाकावर दाटीवाटीनं बसायचे, मधली जागा माझ्यासाठी मोकळी ठेवायचे, आणि कौसल्याबाई पहिला कप माझ्या हातात द्यायची. "हां, लहानूकाका, होऊन जाऊ दे."

मग जान्याचा हात भाजला आणि माझं राज्य गेलं.

जान्या माझ्याच पाड्यावरचा. दोघं बरोबरच डोंगर उतरून भिवंडीत आलो आणि एकाच सायझिंगमध्ये लागलो. सायझिंग म्हणजे सुताला गरम खळ लावून ते कडक करायचा कारखाना. मी आता घरी बसलोय, तो अजून बॉयलरवर ड्युटी करतो. या माणसाला जन्मात एक धड गोष्ट सांगता आली नाही. "काय रे जान्या, काय झालं?" विचारावं, तर "काय न्हाय" ही त्याची गोष्ट. आणि अशा माणसाच्या समोर वाफेच्या पाइपाचा जोड सुटावा! आजूबाजूची पोरं होरपळली असती. यानं पुढे होऊन वॉल्व्ह बंद केला म्हणे. म्हणे कसलं, केलाच. तेच तर माझं दुखणं.

आता बाकाच्या मधोमध जान्या, मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी पट्टी, आणि पहिला कप त्याचा. माझ्या थापांना सगळ्यांत मोठ्यानं हसणारा दिनेश त्याच्या पट्टीवर वाकून विचारतो, "जान्याकाका, आत काय लावलंय?"

"चांदी," जान्या म्हणाला.

"काय?"

"चांदीचं मलम हाय. पांढरं. सिस्टर बोलली, चांदी असते त्यात."

"सच में चांदी?" मागून कुणीतरी ओरडलं.

मी आजवर भुतं सांगितली, बोलणारे मासे सांगितले, खाडीतून पोहत आलेला हत्ती सांगितला. एवढे डोळे एकदम विस्फारलेले मी कधी पाहिले नव्हते. आणि मुका जान्या सुटलाच! "रोज कालचं मलम धुवून काढायचं. मग हातमोजा घालून पातळ थर द्यायचा, जखम उघडी राहाय नको. डोळ्याजवळ न्यायचं न्हाय. आपल्या मनानं फासायचं न्हाय, डॉक्टर बोलंल तवाच. दुसऱ्याची ट्यूब तर अजिबात घ्यायची न्हाय."

लोक माना डोलवत होते. मलम धुवायची गोष्ट! त्यात ना भूत, ना हत्ती.

मी माझा हुकमी एक्का काढला. "ते सोडा, माझं ऐका. मी गावाला तापानं फणफणलो होतो, तेव्हा कुणीतरी सल्फाची गोळी दिली. संध्याकाळपर्यंत ओठ असे सुजले, की मिशी आत गेली. अंगभर फोड. भाजलेल्या वांग्याची साल निघावी तशी कातडी निघायला लागली. दवाखाना डोंगराच्या पायथ्याशी. निघालो एकटाच, अर्ध्या वाटेत कोसळलो. तेवढ्यात झाडीतून एक बिबट्या आला. माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली, मला पाठीवर घेतलं आणि..."

"आणि दवाखान्याच्या पायरीवर ठेवून गेला," दिनेश जांभई देत म्हणाला. "ऐकलंय काका. पार पाठ झालंय. जान्याकाका, ती चांदी अंधारात चमकते का हो?"

बिबट्या आला की जान्या नेहमीच जमिनीकडे बघत बसतो. त्या दिवशीही तसाच बसला होता. मला वाटलं, जळतोय माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्याबाईनं पहिला कप भरला आणि हात लांब केला, जान्याकडे. मला राहवलं नाही. तो मधल्यामधे उचलायला मी झेपावलो, कोपर स्टोव्हवरच्या टोपाला लागलं, आणि उकळता चहा माझ्या हातावर सांडला.

"अगं आई गं!" कौसल्याबाई ओरडली. "काका, नळाखाली धरा हात! पाणी वाहू द्या त्याच्यावर! अहो, कुठं पळताय?"

मी सायझिंगकडे पळत होतो. आम्हा सायझिंगवाल्यांचा एकच इलाज. भाजलं की थंड खळ थापायची. आधी गार वाटतं, मग वाळून कडक होते आणि आपल्याला वाटतं कातडी शिवून झाली. बादलीतली शिळी खळ मी कोपरापर्यंत फासली आणि हाताकडे बघितलं. पांढराशुभ्र! जान्याच्या हातासारखाच! डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी खरं सांगतो, मनात थोडं हसू फुटलं.

दुपारपर्यंत ते हसू गेलं. खळ वाळून ढोलकीसारखी ताणली होती आणि आतला हात फुगत होता. जान्याची दवाखान्यात जायची वेळ झाली होती. त्यानं मला रिक्षात बसवलं.

दवाखान्यात धम्मदिना सिस्टर ड्रेसिंगला असते. तिनं माझा हात बघून कपाळाला हात लावला.

"लहानूबाबा, तुम्ही काय कापडाचा तागा आहात? सुताला लावायचं ते अंगाला लावलंत?"

"गार वाटतं, बाई."

"गार पाणीही असतं जगात." तिनं खळ भिजवून भिजवून सोडवली. खालून फोड निघाले. डॉक्टर येऊन बघून गेले, मलमपट्टी करा म्हणाले. सिस्टरनं कपाटातून तोच डबा काढला. जान्याच्या मलमाचा! शेजारच्या स्टुलावर जान्या आपला हात उघडा करून बसला होता. उद्या बाकावर दोघांच्याही हातावर चांदी, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

डबा उघडता उघडता सिस्टर थांबली.

"बाबा, आधी एक सांगा. यात चांदीबरोबर सल्फापण आहे. सल्फाची गोळी कधी बाधली होती? पुरळ, फोड, तोंडाला सूज? तसं असेल तर हे मलम तुम्हाला चालणार नाही. परत तसंच उठेल, जिवावरसुद्धा बेतू शकतं."

"मग काय लावाल?"

"व्हॅसलिनची जाळीदार पट्टी. त्यानंही बरं होतं."

"त्यात चांदी?"

"चांदी कशाला हवी त्यात?"

मी जान्याकडे बघितलं. उद्या तो चांदीचा आणि मी व्हॅसलिनचा! दिनेश वर्षभर सोडणार नाही. सुजलेले ओठ मला आठवत होते. साल निघाल्याचा डाग अजून माझ्या मांडीवर आहे. पण टपरीवर त्या गोळीवर कुणाचा विश्वास नाही, बिबट्याच्या नादात तीही खोटी ठरलीय. मग इथं तरी ती खरी कशाला करायची?

"न्हाय बाई," मी म्हणालो. "गोळी खाल्लीच न्हाय कधी. अंगावर एक पुटकुळीबी उठली न्हाय माझ्या."

आणि तिनं विश्वास ठेवला! हत्ती सांगितला, मासे सांगितले, कुणी ठेवला नाही. ही पोर मात्र सरळ माझ्या डोळ्यांत बघून "बरं" म्हणाली, नवे हातमोजे चढवले आणि बोटांवर मलम घेतलं. पांढरं, मऊ, जान्याच्या हातावरचंच. मी हात पुढे केला.

"खोटं!"

स्टूल आडवं पडलं. जान्या उभा होता, उघडा भाजलेला हात हवेत तसाच.

"खोटं बोलतोय ह्यो, बाई! लावू नका ते! गोळी खाल्ली व्हती त्यानं, त्वांड भोपळ्यावानी झालं व्हतं, पार मरत व्हता! आन बिबट्या कुठं व्हता रं, लहान्या? मी व्हतो! सगळा डोंगर तुला पाठीवर घेऊन उतरलो मी, आन तू माझा बिबट्या केलास!"