शेवटी उतरणारा कॅप्टन

सोनपेठ तालुक्यातल्या प्रत्येक सभेत व्यंकटराव एकच गोष्ट ठासून सांगत. ते स्वतः जहाजाचे निवृत्त कॅप्टन, उभा जन्म समुद्रावर काढलेला माणूस. "जहाज बुडायला लागलं की कॅप्टन सगळ्यात शेवटी उतरतो," असं म्हणाले की टाळ्यांचा नुसता कडकडाट. त्याच टाळ्यांवर ते जिल्हा परिषदेत निवडून आले.

यंदा गोदावरीनं पात्र सोडलं. पाहणीला गेलेले व्यंकटराव गावकऱ्यांसोबत शाळेच्या गच्चीवर अडकले. बचावाची बोट आली, भरली, एकच जागा उरली. गावातल्या कस्तुराबाई आपल्या बाळंतीण लेकीला बाळासकट बोटीत उतरवत होत्या. साहेबांना बघताच त्यांनी तिला मागं ओढलं. "आधी साहेबांना जाऊ द्या."

नको म्हणायला कितीसा वेळ लागतो? व्यंकटराव मुकाट्यानं बोटीत बसले.

काठावर गाडी उभी होती, पण त्यांचा पाय निघेना. ते चिखलातच थांबले. पाणी चढत होतं आणि बोट दिसत नव्हती. अखेर दुसऱ्या खेपेत लेक-नातवाला घेऊन कस्तुराबाई उतरल्या, तेव्हा व्यंकटरावांनी हात जोडले. "बाई, मी आधी यायला नको होतं. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. सभांमधून काय काय बोललो होतो मी!"

कस्तुराबाईंना खरंच नवल वाटलं.

"तुमी कशाला लावून घ्यायलाव मनाला, साहेब?" त्या समजूत घालत म्हणाल्या. "भाषणातलं आमी तरी कुठं खरं धरलं व्हतं?"