मीटरच्या आधी बंगई

पुंजाजी तायडे अकोल्याला लाइनमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी अमरावतीला, लेक पायलच्या सासरपासून फार लांब नाही अशा एका नव्या ले-आउटमध्ये घर बांधलं. बुद्धपौर्णिमेला भंतेजींनी येऊन वंदना घेतली, खीर वाटली गेली, पाहुणे जेवून आपापल्या गावी गेले आणि संध्याकाळी घरात पुंजाजी, त्यांची बायको दुर्गाबाई आणि सामानाची खोकी एवढंच उरलं. वीज नव्हती. कार्यक्रमापुरता मंडपवाल्याचा जनरेटर होता, तो मंडपवाला घेऊन गेला.

नव्या घरात आधी काय बसवायचं याबद्दल पुंजाजींचं मत ठाम होतं. आधी मीटर. मग पंखे, मग कूलर, मग फ्रीज. बाकीचं पाऊस पडून गेल्यावर पाहू. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा स्वप्निल फोनवर म्हणाला, आधी कॅमेरा बसवा, नव्या वस्तीत चोऱ्या होतात. पुंजाजींनी त्याला कॅमेरा कशावर चालतो ते विचारलं. स्वप्निलने विषय बदलला.

दुर्गाबाईंना हॉलमध्ये बंगई, म्हणजे झोपाळा, लावायची होती. बंगईचा सागवानी पाट आणि पितळी साखळ्या त्यांनी तरुणपणीच घेऊन ठेवल्या होत्या. पण अकोल्याच्या क्वार्टरमध्ये छताला कड्या नव्हत्या आणि सरकारी छताला भोक पाडायला पुंजाजी तयार नव्हते. पाट जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे उभा राहिला. क्वार्टर बदलली की तोही नव्या कपाटामागे जाऊन उभा राहायचा.

"बंगई काही घराले लागणारी वस्तू हाये काय?" पुंजाजी म्हणाले. "आधी मीटर येऊ दे."

मीटर आलं नाही. अर्ज केव्हाच झाला होता, पैसे भरून झाले होते, पण मीटरच शिल्लक नव्हतं. पुंजाजी रोज सकाळी उन्हं तापायच्या आत वीज कंपनीच्या ऑफिसात जायचे. तिथला तरुण साहेब उठून उभा राहायचा, त्यांना काका म्हणायचा, चहा मागवायचा आणि तुम्ही तर आपल्या घरचेच, असं म्हणायचा. त्याच वेळी दुसरा एखादा माणूस टेबलावर हात आपटून जायचा आणि त्याचं काम मार्गी लागायचं. पुंजाजींना हे दिसत होतं. पण आयुष्यभर ज्या टेबलापलीकडची शिवीगाळ ऐकली, त्या टेबलावर स्वतः हात आपटणं त्यांना जमेना. चहा पिऊन ते परत यायचे.

घर भट्टीसारखं तापायचं. नव्या स्लॅबची धग सूर्य बुडाल्यावरही उतरत नसे. पायलने दोनदा रिक्षा घेऊन येऊन दोघांना चला म्हटलं. पुंजाजी म्हणाले, लाइनमनचं घर अंधारात आहे म्हणून तो लेकीच्या घरी राहायला गेला, असं लोक म्हणतील. पायलने लोक म्हणजे कोण ते विचारलं. आजूबाजूला बहुतेक प्लॉट रिकामेच होते.

शेजारी एकच घर वसलेलं होतं, सबीहा मॅडमचं. त्या उर्दू शाळेत शिकवायच्या. आमच्याकडून भिंतीवरून वायर घ्या, एक पंखा तरी चालेल, असं त्या स्वतः येऊन सांगून गेल्या. पुंजाजींनी हात जोडले. असं दुसऱ्याच्या मीटरवरून वायर घेणं नियमात बसत नाही, मीच अशा कितीतरी वायरी काढून जप्त केल्या आहेत, असं ते म्हणाले. सबीहा मॅडमनी थोडा विचार केला आणि माझ्या फ्रीजमध्ये तुमच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या तर तेही नियमात बसत नाही का, असं विचारलं. पुंजाजींनीही विचार केला. बाटल्यांबद्दल काही नियम त्यांना आठवला नाही. त्या दिवसापासून बाटल्या जाऊ-येऊ लागल्या.

एका दुपारी दुर्गाबाईंनी खोक्यांमागून पाट काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि हॉलच्या मधोमध आणून ठेवला.

"लावून द्या," त्या म्हणाल्या. "याले मीटर लागत नाही."

पुंजाजींनी वर पाहिलं. हॉलच्या छताला दोन जाड कड्या होत्या. स्लॅब टाकून झाल्यावर त्या दिसल्या तेव्हा नकाशात नसलेल्या कड्या कुठून आल्या म्हणून त्यांनी गवंड्याला बराच वेळ सुनावलं होतं. गवंडी मान खाली घालून उभा राहिला होता. आता त्यांना कळलं की स्लॅबच्या आधी गवंड्याला चहा देऊन कड्या कुणी घालायला लावल्या होत्या.

"त्यानं तुयं नाव नाही सांगतलं," ते म्हणाले.

"मीच सांगू नको म्हणलं होतं."

पुंजाजींनी शिडी लावली. आयुष्यभर खांबावर चढलेला माणूस, त्याला एक बंगई टांगायला कितीसा वेळ लागणार. पण एक कडी दुसरीपेक्षा किंचित खाली होती आणि पाट कलता राहायचा. ते साखळीचा एकेक दुवा कमी-जास्त करत राहिले, पाटावर पाण्याची वाटी ठेवून पाहत राहिले. घाम गळून फरशीवर डाग पडले. शेवटी वाटीतलं पाणी सरळ राहिलं. दुर्गाबाईंनी वाटी उचलली आणि तिथे स्वतः बसल्या. पायाने हलका झोका घेतला. पदर हलला.

पुंजाजी समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पुठ्ठ्याने वारा घेत होते. दोन दिवस त्यांनी तसेच काढले. तिसऱ्या दिवशी, दुर्गाबाईंना दुसऱ्या टोकाला सरकायला न सांगता, ते येऊन बसले. दुर्गाबाई सरकल्या.

आता झोका नीट बसेना. पुंजाजींनी पाय रेटला की दुर्गाबाईंचा पाय जमिनीला टेकायचा. बंगई मध्येच अडखळायची आणि तिरकी जायची. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, दोन मुलं मोठी होऊन मार्गाला लागली होती, पण हे काम दोघांनी मिळून पूर्वी कधी केलेलं नव्हतं. शेवटी दुर्गाबाई म्हणाल्या की तुमी पाय वर घ्या, मीच देते. पुंजाजींनी मांडी घातली. बंगई सरळ चालू लागली. खिडकीतून गरम हवा येत होती, पण झोक्यात ती थोडी कमी गरम लागायची.

बऱ्याच वेळाने पुंजाजींनी विचारलं, "इतके वर्षं बंगई बंगई काहून करत होती तू?"

दुर्गाबाईंनी झोका थांबवला नाही.

"वादळ आलं, लाइट गेली, की तुमाले फोन यायचा. तुमी निघून जायचे. मी दारात बसून राहायची. उंबऱ्यावर बसून बसून पाय सुन्न व्हायचे. वाटे, बंगई असती तं बरं झालं असतं."

पावसात खांबावर चढल्यावर खाली कोण कुठे बसलं आहे याचा पुंजाजींनी कधी विचार केला नव्हता. खांबावर दुसरा विचार करायचा नसतो, असं त्यांना शिकवलेलं होतं.

"मंग आता कायले लावली? आता तं मी घरीच हावो."

"म्हणूनच लावली," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुमाले कुठं बसवू दिवसभर?"

त्यानंतर पुंजाजींचं ऑफिसात जाणं दिवसाआड झालं, मग आणखी विरळ झालं. दुपारी जेवण झालं की ते बंगईवर आडवे व्हायचे. पाय पाटाबाहेर लोंबायचे. नोकरीत असताना त्यांची झोप कुत्र्याची होती, जरा खुट्ट झालं की उठून बूट शोधायचे. आता ते घोरू लागले. घोरणं सबीहा मॅडमच्या अंगणात ऐकू जायचं.

अशाच एका दुपारी मीटर बसवणारी दोन माणसं मोटारसायकलवरून आली. पुढचा नितेश नावाचा होता. त्याच्या खांद्यावर ड्रिल होतं. दुर्गाबाई फाटकातच त्यांना आडव्या गेल्या.

नितेशने सांगितलं की भिंतीला बोर्ड ठोकायचा आहे, अर्ध्या तासाचं काम आहे. दुर्गाबाईंनी हळू बोलायला सांगितलं. मग आणखी कुठे मीटर लावायची आहेत का, ते विचारलं. पलीकडच्या ले-आउटमध्ये काही होती. आधी ती लावून या, असं त्यांनी सांगितलं. नितेश म्हणाला, बाई, लोक आमची वाट पाहतात, उद्या आलो तर मीटर असेल-नसेल. दुर्गाबाई म्हणाल्या, ते झोपले आहेत. त्यांनी दोघांना माठातलं पाणी दिलं आणि फाटक लावून घेतलं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर नितेश परत आला. मीटर बसलं, दिवा लागला. पुंजाजींनी सगळ्या जोडण्या पाहिल्या, एक स्क्रू पुन्हा पिळला आणि तुमी दुपारीच आले असते तर अंधार झाला नसता, असं नितेशला म्हणाले. नितेशने दुर्गाबाईंकडे पाहिलं आणि खरं काय ते सांगून टाकलं.

माणसं गेल्यावर पुंजाजी आत आले.

"तू मीटर वापस पाठोलं?"

"झोपले होते तुमी."

"अन् नसते आले परत तं?"

"तं नसते आले," दुर्गाबाई म्हणाल्या आणि कणीक मळायला स्वयंपाकघरात गेल्या.

पुंजाजींनी पंख्याचं खोकं उघडलं, पाती बाहेर काढली आणि एकेक पुसून फरशीवर ओळीने ठेवली. पंखा त्यांनी आधी स्वयंपाकघरात लावला.