दुहेरी टाका

माझ्या हातची शिवण उसवली, असं चाळीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे ती नऊ वर्षांची चिमुरडी पाचव्यांदा तोच डावा बूट घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आली, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"आजी, परत उसवला," म्हणत ती एका पायावर उड्या मारत बाकावर जाऊन बसली. मंगळवारी आणि गुरुवारी, शाळा सुटली की हे ठरलेलं. बसली की तोंडाचा पट्टा सुरू. वर्गात कुणाला उलटी झाली, बाईंनी केस कापले ते कसे दिसतात, मुंग्या झोपतात का. मी तिचं नाव टकळी ठेवलं होतं. मंगळवारी सकाळपासून माझं लक्ष दाराकडे असायचं, हे कबूल करते. माझ्याशी एवढं बोलायला दुसरं होतं कोण?

"घाई नाही हं, आजी. आज आईची कामावर उशिराची पाळी आहे. ती सहाला येते. तोवर घरी काका असतो."

मी मात्र इरेला पेटले होते. मेण लावलेला जाड दोरा घेतला, दुहेरी टाका घातला आणि पंधरा मिनिटांत बूट तिच्या मांडीवर ठेवला. "घे. पाय वाढेल, पण हा उसवणार नाही. पळ घरी!"

तिचं तोंड एवढंसं झालं. बूट घालायला तिने फार वेळ लावला. मला वाटलं, काय ही पोरगी, कामाचं जरा कौतुक नाही.

गुरुवारी ती परत हजर. या वेळी शिवण शाबूत होती, पण बुटाचा तळ मधोमध फाटलेला. मी चष्मा लावला. झिजून फाटलं की कड पिंजते. ही कड सरळ होती, पात्याने कापलेली. मग आठवलं, आधीचे दोरेही असेच तुटलेले होते, टोकं साफ. रागाच्या भरात मी नीट बघितलंच नव्हतं.

ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारात तिचा काका उभा राहिला. हसरा माणूस, गल्लीत सगळ्यांना हवासा. "आमच्या राणीसाहेब आज पण इथेच? चल, उचलून नेतो."

टकळी बोलता बोलता गप्प झाली. अनवाणी पाय तिने बाकाखाली ओढला आणि दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली.

तसं धरून बसणं मला ठाऊक होतं. तिच्या वयाची असताना मी शेजारच्या काकूंच्या पायरीवर अशीच तासन्‌तास बसायचे. काकू म्हणायच्या, "जा गं, घरी वाट बघत असतील." वाट बघणारा होताच, म्हणून तर मी उठत नव्हते. काकूंनी एकदा, फक्त एकदा, विचारावं असं इतकं वाटायचं. अजूनही वाटतं, आणि काकू जाऊन तीस वर्षं झाली.

"काम व्हायचंय," मी काकाला म्हणाले. "बूट आईच्याच हातात देईन."

"मी थांबतो की."

"माझ्या दुकानात रिकामी माणसं बसलेली मला खपत नाहीत."

माझी जीभ तिखट, हे गल्लीला माहीत आहे. तो हसत निघून गेला. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"टकळे, बूट तू कापलास ना? मी रागावले नाही गं. घरी जायची भीती वाटते का?"

तिने फळी सोडली नाही. "काका म्हणतो, कुणाला खरं वाटणार नाही."

"मला वाटेल."

मग तिने सांगितलं. ते तिचं आहे, मी कुणापुढे मांडणार नाही. शेवटी म्हणाली, "कुणाला सांगू नका."

"सांगणार. पण जे हे थांबवू शकतात त्यांनाच, आणि तुझ्यासमोर. यात तुझी काडीची चूक नाही."

मी मुलांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिथून एक बाई आल्या. तिची आईही धावत आली. "भावजी? शक्यच नाही," ती म्हणाली. "घरी जायला नको म्हणून तिने हा कापला," म्हणत मी बूट तिच्या हातात दिला. तिने त्या चिरेतून बोट फिरवलं आणि लेकीकडे बघितलं. मग तिने लेकीला जे कुशीत ओढलं, ते सोडलंच नाही.

काकाला पोलिसांनी नेलं. गल्लीतली निम्मी माणसं अजून माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू! मी नवा तळ लावला, पुन्हा दुहेरी टाका घातला, आणि तो बूट घालून टकळी आईबरोबर मावशीच्या गावी गेली.

दोन वर्षं झाली. मंगळवार आला की मी अजून दाराकडे बघते. तिला इथे यावं लागू नये, असं मनापासून वाटतं, आणि तिच्यावाचून करमत नाही तेही तितकंच खरं.

काल तिची आई कसल्याशा कागदांसाठी या बाजूला आली होती. पिशवीतून तिने तोच डावा बूट काढला. "तिला आता होत नाही. पण म्हणाली, आजीला दाखव."

मी चष्मा लावला. चवड्याकडे तळ झिजून पातळ झाला होता. दुहेरी टाका उसवला होता, आणि दोऱ्याची सगळी टोकं पिंजलेली होती.

"दिवसभर नुसती हुंदडत असते," आई म्हणाली.

मला रडू आवरेना. बूट मी ठेवून घेतला.

"पुढच्या वेळी तिलाच आण," मी म्हणाले. "आणि तिला सांग, बूट धड असला तरी इथे बसता येतं."