सतरा नावांपुढची रिकामी जागा

मी हायस्कूलची दाखल-वही बोलतेय. ऑफिसात मला जनरल रजिस्टर म्हणतात. जाड पुठ्ठा, कापडी पाठ आणि चारचौघांत मिरवू नयेत असे कोपरे. नववीत येणारं प्रत्येक पोर आधी माझ्यात येतं, मग वर्गात. ओळीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना. पास, नापास किंवा बदली. त्या दोन बोटांच्या जागेनं माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

गेल्या वर्षी खात्याचं पत्र आलं. शाळेचं मूल्यमापन होणार. दाखल झालेल्यांतले निम्मे तरी शेवटची परीक्षा पास हवेत, नाहीतर ही शाळा दुसऱ्या शाळेत विलीन. मुख्याध्यापिकाबाईंनी माझी पानं उलटली. साठ दाखल, पंचवीस पास. सतराजण मधेच गळालेले, त्यांचा रकाना कोरा.

त्यांनी कारकूनबाईंना बोलावलं. "या सतरांपुढे 'बदली' लिहा. बदली झालेले मोजत नाहीत. टक्केवारी अठ्ठावन्नावर जाईल."

"पण बाई, ही मुलं कुठेच गेलेली नाहीत. घरी बसलीत."

"शाळा बंद झाली तर उरलेली कुठे जातील? लिहा, उद्या सकाळी साहेब येतायत."

पेनाचं टोक माझ्यावर टेकलं. पहिलंच नाव आई अंथरुणाला खिळल्यामुळे शाळा सुटलेल्या मुलीचं. 'ब' उमटला आणि हात थांबला.

"ही परवाच आली होती," कारकूनबाई म्हणाल्या. "परीक्षेला बसता येईल का विचारत होती. बदली लिहिली तर फॉर्म भरताना हिच्याकडे नव्या शाळेचा दाखला मागतील. कुठून आणणार?"

मला मिटून मुख्याध्यापिकाबाई खुर्चीत बसून राहिल्या.

सकाळी तपासनीस आले. भराभर पानं उलटताना त्यांचं बोट अडलं. "हा 'ब' कसला?"

कारकूनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आता ही बाई बळी जाणार, असं मला वाटलं. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहिल्या. "मी लिहायला सांगितलं होतं. खोटं होतं. यांनी पुढे लिहिलं नाही."

तपासनिसांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "हे मला अहवालात घालावं लागेल."

"घाला. पण ती सतरा नावं मला उतरवून घेऊ द्या."

बाईंना ताकीद मिळाली, शाळेला एक वर्षाची मुदत. मग दर शनिवारी शाळा सुटली की दोघी घरोघर फिरू लागल्या. कुणी तोंडावर दार लावलं, कुणी उन्हात तिष्ठत ठेवलं. पाचजण परत आले. ती मुलगी आईला शेजारणीवर सोपवून मागच्या बाकावर बसायची.

निकाल लागला. पाचांतले चार पास. साठांत एकोणतीस. अठ्ठेचाळीस टक्के. दोन कमी.

ती मुलगी दाखला न्यायला आली तेव्हा बाईंनी मला तिच्यासमोर उघडून चुकीच्या अक्षरावर रेघ मारली, सही केली आणि 'पास' लिहिलं. "मॅडम, नीट वाळू द्या हं," ती म्हणाली आणि माझ्यावर अलगद फुंकर घातली.

विलीनीकरणाचा हुकूम अजून आलेला नाही. रोज टपाल आलं की ऑफिसात कुणी श्वास घेत नाही. नवी नावं आता कॉम्प्युटरात जातात, मी कपाटात असते. साहेब, त्या हुकमावर सही करण्याआधी एकदा मला मागवून घ्या. माझ्यात अजून बारा जागा कोऱ्या आहेत, आणि त्या बाराजणांचे पत्ते मला पाठ आहेत.