आरशामागचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना मागचा दरवाजा आहे. पुढच्या दरवाजाचा थाट काय सांगू! रंगीत दिवे त्याला, रांग त्याच्यापाशी, फोटोही त्याचेच. माझ्या वाट्याला अंधारी गल्ली आणि कचऱ्याचे डबे. तरीही एका नाइटक्लबच्या मालकिणीने मला जिवापाड जपले.

तिला सगळे ताई म्हणतात. तरुणपणी ती दुसऱ्याच्या क्लबात लोकांचे कोट सांभाळायची. तिथे एकदा वायर जळून धूर कोंडला. मागच्या दरवाजापुढे बाटल्यांचे क्रेट रचलेले होते, म्हणून सगळे पुढे धावले. जीव कुणाचा गेला नाही, पण चेंगराचेंगरीत ताईचा हात मोडला. तो आजही कोपरात वळत नाही.

पुढे धाकट्या भावाला हाताशी धरून तिने एका तळघरात स्वतःचा क्लब काढला. सुताराने मला जाड लाकडातून घडवले आणि आतून आडवी दांडी बसवली. ढकलली की मी बाहेरच्या बाजूला उघडायचो. लोक येण्याआधी ताई रोज दिवे मालवायची, आणि सगळ्या कामगारांनी चाचपडत मला गाठायचे.

"चला, आंधळी कोशिंबीर!" म्हणून वाढपी हसायचे.

धंदा फळला. गाणी आणि रोषणाई भावाला कळायची, माणसे ताईला कळायची. दोघांनी मोठा हॉल घेतला, तेव्हा ताईने मलाही उचलून तिकडे नेले. मी हरखलो. पण ती परवान्यांसाठी कचेऱ्यांत खेटे घालत असताना भावाने माझी दांडी काढून चपटी खिट्टी लावली आणि माझ्यासकट अख्ख्या भिंतीवर आरसे चढवले. हॉल दुप्पट दिसावा आणि मागून फुकटे शिरू नयेत, एवढाच त्याचा हेतू.

उद्घाटनाच्या संध्याकाळी रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. ताईने दिवे मालवले.

"ताई, आज नको गं! लोक ताटकळलेत."

"मग पटकन दार शोध."

गुळगुळीत काचेवर हात सरकू लागले. वाढपी एकमेकांवर आदळले. भाऊ दोनदा माझ्यावरून हात फिरवून पुढे गेला. मी इथेच आहे, असे ओरडावेसे वाटले, पण दरवाजाला तोंड कुठले?

"ताई, दिवे लाव! जीव घाबरा होतोय."

"हॉल भरल्यावर कुणाला हाक मारशील?"

दिवे लागले. भावासमोर त्याचाच पांढराफटक चेहरा होता.

"आरसा काढ," ताई म्हणाली. "दांडी बसेपर्यंत उघडायचं नाही."

"आपलं नाक कापलं जाईल गं!"

"जाऊ दे. माझा हात बघ, आणि मग नाकाचं बोल."

भाऊ बाहेर गेला. त्याने स्वतःच रांगेची माफी मागितली आणि शिव्या खाल्ल्या. क्लब आठवडाभर उशिरा उघडला, पण चालला. आज त्यांचे तीन क्लब आहेत.

इतक्या वर्षांत जीव वाचवायला कुणी माझ्याकडे धावले नाही. माझे कौतुकही झाले नाही. याचे मला जराही दुःख नाही. मित्रांनो, गर्दीच्या जागी गेलात की माझ्यासारखा कुठे आहे, ते आधी पाहून ठेवा. त्याच्यापुढे काही रचलेले दिसले तर मोठ्यांना बिनधास्त सांगा.

हल्ली दिवे भाऊ मालवतो. अंधारात माझ्या दांडीवर सगळ्यांत आधी पडतो, तो न वळणारा एक हात.