तिघींत एक पंप

घाबरू नका, आग कुठेच लागलेली नाही. मी आगीचा पंप बोलतोय, पण आज आपला सहज, गप्पा मारायला. आग लागली की मला बोलायला सवड नसते आणि तुम्हाला ऐकायला.

माझा रंग लाल, पोटात डिझेलचं इंजिन, दोन्ही बाजूंना दांडे. चार माणसं उचलतात आणि चौघेही कंबर धरून शिव्या देतात. शिक्षण म्हणाल तर बेताचंच. अक्षरं येत नाहीत, आकडे तेवढे येतात, तेही पोटावर रंगवले म्हणून.

कारखान्यातून आम्ही तिघे भाऊ एकदमच बाहेर पडलो आणि नौदलाच्या तीन लढाऊ जहाजांवर गेलो. ती जहाजंही सख्ख्या बहिणी, एकाच नकाशावर बांधलेल्या. त्यांची खरी नावं भारी भारदस्त, पण ती फक्त समारंभात घ्यायची. गोदीत सगळे त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायचे.

मग बजेटाला कात्री लागली. वरच्या कचेरीतल्या खुर्च्या होत्या तेवढ्याच राहिल्या, माझ्या भावाला लागणारा रबरी वायसर मात्र येईना. एका भावाचा पिस्टन गेला, दुसऱ्याला गंजानं खाल्लं. शेवटी मिस्त्रींनी त्या दोघांचे धडके भाग काढून माझ्यात बसवले. भाऊ गेल्याचं दुःख झालंच, खोटं कशाला बोलू. पण अंगात तिघांचं बळ आलं आणि मी जरा फुगलोही.

मिस्त्री म्हणजे गोदीतल्या वर्कशॉपचे मुख्य. कानामागे पेन्सिल, तिनं त्यांना काही लिहिताना कुणी पाहिलं नाही. त्यांचा जावई मधलीच्या इंजिनखोलीत कामाला. दुपारी डबा घेऊन सासऱ्यांच्या शेजारी बसायचा आणि स्वतःचा डबा संपला की त्यांच्या डब्याची चौकशी करायचा.

वर्षातून एकदा तपासणीचे साहेब यायचे. आधी थोरली, मग जेवण, मग मधली. साहेबांनी पहिला घास घेतला की इकडे क्रेन हलायची. मी थोरलीवरून खाली आणि मधलीवर वर. मिस्त्री ब्रश घेऊन पोटावरचा नंबर बदलायचे. साहेब हात पुसत येणार, मला दोन थापा मारणार आणि म्हणणार, "वा. थोरलीवरच्यापेक्षा हा पंप जास्त निगुतीनं ठेवलाय."

"थोरलीवाले जरा आळशीच आहेत, साहेब," मिस्त्री गंभीर चेहऱ्यानं सांगायचे.

हसू दाबता दाबता माझं इंजिन खोकायचं. एकदा तर ओला नंबर साहेबांच्या पांढऱ्या बाहीवर उमटला. संध्याकाळपर्यंत साहेब मधलीचा पंप होऊन हिंडत होते, पण त्यांना सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी धाकटीवर हाच खेळ. असा मी एकटा तीन ठिकाणी पास होत होतो. तुमच्यात आहे का कुणी एवढा हुशार?

पण या गमतीला एक वाईट फाटा फुटला. तिन्ही जहाजं कागदावर धडधाकट. ते कागद बघून वरच्या लोकांना वाटलं, एवढी कात्री लावली तरी काही बिघडलं नाही, म्हणजे आणखी थोडी लावायला हरकत नाही. त्यांनी लावली. आणि वर हुकूम आला, तिन्ही जहाजांनी एकदमच समुद्रात जायचं, महिनाभर.

गोदीत सगळ्यांची तोंडं उतरली. भर समुद्रात जहाजाला आग लागली तर बंबवाल्यांना हाक मारता येत नाही. चहूकडे पाणीच पाणी, पण ते उचलून आगीवर मारणारा मी एकटा.

तिन्ही कप्तान वर्कशॉपमध्ये आले. ज्यानं त्यानं माझ्यावर हक्क सांगितला. मिस्त्री फक्त मान हलवत राहिले. कप्तान गेल्यावर जावई आला. त्या दिवशी त्यानं डबा उघडलाच नाही.

"मामा, पंप मधलीवरच येतोय ना?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? तुमची मुलगी दोन दिवस जेवली नाही नीट. म्हणते, बाबांना विचारा."

"जावईबापू, थोरलीवरही कुणाचे तरी जावई आहेत. धाकटीवरही आहेत."

"असतील. ते तुमचे आहेत का?"

जावई निघून गेला. मिस्त्री स्टुलावर बसून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ब्रश उचलतील आणि पोटावर मधलीचा नंबर घालतील. हात पुढे गेलाही होता.

त्यांनी पाना उचलला. एकेक बोल्ट सोडवून मला बाकावर उघडा केला. मग इंजिन थोरलीवर धाडलं, पंपाचं धड मधलीवर आणि पाइपाचं वेटोळं धाकटीवर.

थोरलीचे कप्तान धावत आले. "मिस्त्री, हा काय प्रकार?"

"वाटणी केली, साहेब. कागदावर तिघींकडे पंप आहे. मी कुणालाच रिकाम्या हातानं पाठवलं नाही."

"नुसत्या इंजिनानं आग विझते?"

"तेच मोठ्या साहेबांना विचारा. आणि मी पाठवलंय म्हणून सांगा."

ताफ्याचे मोठे साहेब स्वतः धक्क्यावर आले. थोरलीवर चढून इंजिन पाहिलं, मधलीवर धड, धाकटीवर पाइप. मागे तपासणीचे साहेब.

"तुम्ही दरवर्षी तीन पंप पाहत होतात?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. तिन्ही उत्तम होते."

मोठे साहेब मिस्त्रींकडे वळले. "हे आधी सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं, साहेब. कचेरीतून उत्तर आलं, आहे त्यात चालवून घ्या. घेतलं चालवून. तिघी एकदम निघेपर्यंत चाललं."

मोठ्या साहेबांनी धक्क्यावरूनच वर कळवलं, ताफ्यात जहाजं तीन दिसत असली तरी समुद्रात जाण्याजोगं एकच आहे. मला पुन्हा जोडून थोरलीवर चढवलं. मधली आणि धाकटी धक्क्यालाच बांधून ठेवल्या.

मिस्त्रींची खुर्ची गेली. आता ते दोरखंडांच्या गोदामात बसतात. समुद्रभत्ता बुडाला म्हणून जावई चिडलाय. "मामांनी माझं जहाज किनाऱ्यावरच बुडवलं," म्हणतो. मुलगी ऐकून घेते आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढते.

मी सध्या भर समुद्रात आहे. तब्येत ठणठणीत, सकाळच्या सरावात पहिल्या झटक्याला सुरू झालो, पाणी पार शिडाच्या... चुकलो, हल्ली शिडं कुठली, पार डोलकाठीच्या टोकावर गेलं. थोरलीवर आग लागू दे, तिची काय बिशाद ते मी बघून घेतो.

तुमच्याकडे मागणं एकच. मला दोन भाऊ द्या, खरेखुरे, आपापल्या वायसरासकट. तोवर थोरलीची हमी माझी. तिघींची कुणी मागितली, तर यापुढे मला त्यात धरू नका.