बाई माझ्यावर बसल्या तो शनिवार

त्या शनिवारी आम्ही हरलो आणि शेंगदाणेवाले काळा तवा घेऊन गेले.

मित्रांनो, असं काहीही घडलेलं नाही. आमच्या टॅल्बर्ट गावात कुणालाही विचारा. त्या आठवड्यात शुक्रवारनंतर थेट रविवार आला, असं न्हावी सांगेल, पाद्री सांगेल, पोस्टातल्या बाई तर शपथेवर सांगतील. तेव्हा वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही आणि मी ते लिहिलेलं नाही. आता रीतसर सुरुवात करतो.

मी एक जुनं हेल्मेट आहे. टॅल्बर्ट कॉलेजच्या फुटबॉल संघाचं. आमचा फुटबॉल हातात धरून पळायचा असतो. पायांचा संबंध पळण्यापुरता. पळणाऱ्याला बाकीचे सगळे मिळून पाडतात, आणि पाडताना डोक्याचं भरीत होऊ नये म्हणून मी असतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. जन्मलेल्या बाळाला मध चाटवतात. मला हातोडा मारला. मी फुटलो नाही, म्हणून मला पास केलं. मग आत उशा बसवल्या, तोंडापुढे लोखंडी जाळी लावली, हनुवटीला पट्टा दिला आणि त्या पट्ट्याला चार बटणं. शेवटी पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर छापलं आहे की, डोक्याची गंभीर दुखापत कोणतंही हेल्मेट पूर्णपणे टाळू शकत नाही, हेही नाही. लग्नाच्या बाजारात एखाद्या स्थळानं अशी चिठ्ठी लावलेली मी अजून ऐकलेली नाही.

टॅल्बर्ट हे कांद्याचं गाव. आमचे कांदे इतके गोड की इथली माणसं ते सफरचंदासारखे चावून खातात आणि पाहुण्यांनाही खायला लावतात. साहजिकच आमच्या संघाचं नाव 'लढाऊ कांदे'. खेळाडूनं पराक्रम केला की कोच त्याच्या हेल्मेटवर कांद्याचं एक छोटं चित्र चिकटवतात. पराक्रम पायांनी केला असला तरी चित्र डोक्यावरच. जगाची रीतच तशी आहे.

मी ज्याच्या डोक्यावर राहिलो तो ऑगी पेटवे, संघातला सगळ्यात वेगवान पळणारा. त्याच्या कृपेनं मी इतका कांदेमय झालो होतो की मूळ रंग शोधावा लागे. इतर हेल्मेटं माझ्याकडे बघून सुस्कारे टाकत. मीही जरा फुगलो होतो. आतल्या उशांत हवाच असते, त्यामुळे ते सोपं जातं.

ऑगीत एकच खोड होती. चार बटणांपैकी तो दोनच लावायचा.

"चारही लाव," व्हर्लीनबाई रोज सांगायच्या.

"बाई, चार लावली की मला जांभई देता येत नाही."

"मैदानात जांभई कशाला द्यायचीय रे तुला?"

"समोरच्याला चिडवायला."

व्हर्लीन मॅकटिअर म्हणजे आमच्या संघाच्या हाडामासाची जबाबदारी असलेल्या बाई. कुणाचा घोटा मुरगळला, खांदा निखळला, डोकं आपटलं की पहिल्या धावणार त्या. कुणी खेळायचं आणि कुणी बसायचं, यात दुखण्याचा प्रश्न आला की शेवटचा शब्द त्यांचा, कोचचाही नाही. हा नियम आहे. डोकं पुढे करून मुद्दाम धडक मारली तर खेळाडू सामन्यातून बाद, हाही नियम. आणि डाव, म्हणजे चेंडू सुटल्यापासून पळणारा पडेपर्यंतचा वेळ, चालू असताना हेल्मेट निघालं, तर खेळाडूनं पुढचा एक डाव बाहेर बसायचं, हाही. लोकांना हे नियम आवडत नाहीत. मला आवडतात. माझ्याविषयी इतका विचार दुसऱ्या कुणी केलेला नाही.

आता तो शनिवार. जो झाला नाही, तो.

पिनी क्रीक कॉलेजचा संघ म्हणजे 'शेंगदाणे'. त्यांच्याशी आमचं वैर आजोबांच्या काळापासूनचं. दर वर्षी हंगामाचा शेवटचा सामना त्यांच्याशी, आणि बक्षीस एक काळा लोखंडी तवा. जिंकणाऱ्यानं तो वर्षभर भिंतीला टांगायचा. त्यात कधी कुणी काही परतलेलं नाही, पण त्याच्यासाठी माणसं सोयरिकी मोडतात. ऑगीचं कॉलेजातलं ते शेवटचं वर्ष होतं, म्हणजे हा त्याचा शेवटचा तवा.

सामना संपत आला होता. आम्ही थोडेसे मागे होतो आणि चेंडू त्यांच्या रेषेपासून हाकेच्या अंतरावर; चेंडू घेऊन ती रेषा ओलांडली की सामना आमचा. ऑगी चेंडू घेऊन सुटला. डावीकडून एक शेंगदाणा आला, उजवीकडून दुसरा, आणि दोन बटणांनी जमेल तेवढं केलं. मी हवेत उडालो. वरून आमचं गाव छान दिसतं. खाली ऑगीचं उघडं डोकं जमिनीवर आपटलं, तो आवाज मी वरून ऐकला. त्या एका क्षणी मी जिथं असायला हवं होतं तिथं नव्हतो. बाकी सगळं विनोदानं सांगता येतं, हे येत नाही.

पंचांनी शिट्टी फुंकली: हेल्मेट निघालं, एक डाव बाहेर. ऑगी उठला, हसला, मला उचलून काखेत मारलं आणि ऐटीत चालत बाकावर जाऊन बसला. शेंगदाण्यांच्या.

"पाणी दे रे," त्यानं शेजारच्याला सांगितलं.

त्या भल्या मुलानं पाणी दिलं आणि हळूच म्हणाला, "मित्रा, तुमचं घर तिकडं."

तोवर व्हर्लीनबाई मैदानाला वळसा घालून पोचल्या होत्या. त्यांनी ऑगीला हाताला धरून आमच्या बाजूला आणलं आणि समोर उकिडव्या बसल्या.

"ऑगी, पाच शब्द सांगते, मागून म्हण. टोपली, घोडा, साखर, खिडकी, चमचा."

ऑगीनं मनापासून विचार केला. "कांदा," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या हातातून मला काढून घेतलं, गवतावर ठेवलं, वर टॉवेल पसरला आणि त्या माझ्यावर बसल्या. मित्रांनो, मी बसण्यासाठी बनवलेला नाही. एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला लोखंडी जाळी. पण बाई अशा बसल्या, जणू पोर्चमधली झुलती खुर्चीच.

एक डाव संपला. कोच स्टबफील्ड धावत आले. त्यांची मान संतापानं टोमॅटोसारखी झाली होती.

"व्हर्लीन, झाला एक डाव. पाठव त्याला."

"नाही."

"चालतोय की चांगला!"

"मुंडी उडवल्यावर कोंबडीही चालते, कोच."

"अगं, नियम एका डावाचा आहे!"

"हेल्मेट निघाल्याचा नियम एका डावाचा. डोकं आपटल्याचा आजच्या अख्ख्या दिवसाचा. आणि तो माझ्याकडे आहे."

"चार यार्ड राहिलेत गं, फक्त चार यार्ड!"

"मग तुम्ही पळा."

कोचनी क्षणभर खरंच विचार केला. मी बघितलंय.

एव्हाना अख्खं गाव उभं राहून "ऑगी! ऑगी!" ओरडत होतं. पाद्रीबुवा असं काही ओरडले की त्याबद्दल त्यांना दुसऱ्या दिवशी स्वतःचंच प्रवचन ऐकावं लागलं असतं. आणि कठड्यापाशी डोक्यावर कापडी कांदा घातलेली एक बाई आली. ऑगीची आई, ल्युएला. गावात तिच्याएवढा मोठा आवाज फक्त आगीच्या बंबाला आहे.

"व्हर्लीन! माझ्या पोराचं हेल्मेट कुठाय?"

"बसलेय मी त्यावर."

"ऊठ मग! चार वर्षं वाट बघितलीय मी या तव्याची!"

तेवढ्यात ऑगीनं शांतपणे विचारलं, "बाई, स्कोअर किती?"

बाईंनी सांगितला. ऑगीनं मान डोलावली. मैदानाकडे पाहिलं. मग विचारलं, "बाई, स्कोअर किती?"

बाईंनी त्याच आवाजात पुन्हा सांगितला. ऑगीनं मान डोलावली. त्याला कठड्यापाशी आई दिसली, तेव्हा चेहरा उजळला. "आई! तू कधी आलीस? स्कोअर किती झाला गं?"

ल्युएलानं डोक्यावरचा कांदा काढून छातीशी धरला. मागं हजारो माणसं ओरडत होती. तिचा आवाज मात्र फक्त आम्हाला ऐकू आला.

"व्हर्लीन, उठू नकोस."

"नाही उठत."

ऑगीच्या जागी दुसरा मुलगा पळाला. बिचारा जिवाच्या आकांतानं पळाला. रेषेच्या एक हात अलीकडे पडला. पुढचं वाक्य या गोष्टीत सगळ्यात वर आहे, जे तुम्ही वाचलेलं नाही.

सामना संपल्यावरच बाई उठल्या. नंतर कितीतरी दिवस त्या उभ्यानंच जेवत होत्या, त्याचं कारण माझी जाळी. तक्रारीचा शब्द काढला नाही. गावानं दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून बातमी आली की ऑगी सुखरूप आहे, सगळ्यांना ओळखतो, फक्त तो शनिवार त्याला अजिबात आठवत नाही. आणखी एक धक्का बसला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी ल्युएलाला सांगितलं. ल्युएलानं ते गावाला सांगितलं, आणि तिनं सांगितलेलं गावाला एकदम ऐकू जातं. त्याच दिवशी गाव न्हाव्याच्या दुकानात जमलं आणि ठरलं: ज्याचा शनिवार होता त्यालाच जर तो आठवत नाही, तर आपल्याला तरी कशाला आठवायला हवा? व्हर्लीनबाईंच्या दारात रात्रीतून कांद्याची पोती येऊन पडली. कुणी ठेवली, कुणालाच माहीत नाही. शनिवार झालाच नव्हता, मग पोती कशाबद्दल?

ऑगी आता इथल्याच शाळेत गणित शिकवतो. हजेरीचा कागद न बघता वर्गातल्या सगळ्या पोरांची नावं घेतो. कधीमधी कॉलेजात येतो, भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघतो आणि बाईंना विचारतो, "तवा कुठाय?"

"घासायला दिलाय."

"अजून घासताहेत?"

"लोखंड आहे बाबा. वेळ लागतो."

मग दोघंही गंभीर चेहऱ्यानं खिळ्याकडे बघत उभे राहतात. जाताना ऑगी माझ्यापाशी थांबतो आणि माझी चारही बटणं लावतो. आत डोकं नसलं तरी.

मी आता बाईंच्या खोलीतल्या फळीवर असतो. नवीन मुलं आली की बाई मला खाली काढतात आणि पाठीवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लावतात. मुलं हसतात, पण बटणं लावतात. मित्रांनो, तुम्हीही लावा. आणि डोक्याला मार बसला तर "मी ठीक आहे" म्हणायची घाई करू नका. हे वाक्य मी आतून फार ऐकलं आहे. ते बोलणारा डोळे मिटून बोलतो.

शेवटी, नियम समितीस सविनय विनंती. कौतुकाचा कांदा केवळ हेल्मेटवर चिकटवण्याच्या प्रचलित प्रथेचा फेरविचार व्हावा. संघाच्या इतिहासातील सर्वोत्तम बचाव श्रीमती व्हर्लीन मॅकटिअर यांनी बसल्या जागी केला असल्याने, एक कांदा त्या ज्या बाजूने बसल्या त्या बाजूस, सर्व गावासमक्ष, बँडच्या गजरात सन्मानपूर्वक चिकटवण्यात यावा. समारंभाची तारीख म्हणून वर उल्लेखिलेला शनिवार सोयीचा राहील, कारण त्या दिवशी गावात दुसरं काहीही झालेलं नाही.